विश्लेषण : रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनी १९५७ मध्ये राजीनामा का दिला?

व्याजदर ठरवायचा कोणी, अर्थमंत्र्यांनी की रिझर्व्ह बँकेने? याच वादात एका गव्हर्नरांनी खुर्ची सोडली होती. ते होते सर बेनेगल रामा राव.

जन्म १८८९ चा. आयसीएस अधिकारी, राज्यघटनेचे सल्लागार बी. एन. राव हे त्यांचे बंधू. १ जुलै १९४९ रोजी चिंतामणराव देशमुखांच्या जागी ते आले आणि साडेसात वर्षे राहिले. इतका काळ गव्हर्नरपदी दुसरे कोणीच राहिलेले नाही.

टी. टी. कृष्णम्माचारी अर्थमंत्री झाल्यावर खटके उडू लागले. १९५६ च्या अखेरीस त्यांनी मुदती बिलांवरील मुद्रांक शुल्क वाढवले. वरवर पाहता हा साधा कर. पण बँका अशीच बिले तारण ठेवून रिझर्व्ह बँकेकडून पैसे उचलत. त्यामुळे बँक रेट कागदावर साडेतीन टक्केच राहिला, पैसा मात्र महागला. म्हणजे दर बदलण्याचा अधिकार बँकेचा आणि तो वापरला मंत्रालयाने!

रामा राव यांनी हा मुद्दा संचालक मंडळापुढे नेला. पतधोरणावर परिणाम करणारे निर्णय घेण्याआधी सरकारने बँकेशी बोलावे, असा ठराव मंडळाने केला. कृष्णम्माचारींच्या लेखी मात्र रिझर्व्ह बँक हा अर्थ मंत्रालयाचाच एक विभाग होता. पंतप्रधान नेहरूंनीही अर्थमंत्र्यांचीच बाजू घेतली. मग थांबण्यात अर्थ नव्हता. जानेवारी १९५७ मध्ये रामा राव पायउतार झाले, के. जी. आंबेगावकर यांनी तात्पुरता कारभार पाहिला.

त्याच वर्षी मे महिन्यात बँक रेट अधिकृतपणे ४ टक्के झाला.