पोर्देनोनेचे धन्य ओदोरिको आणि ठाण्याचे चार रक्तसाक्षी

संतांच्या चमत्कारांच्या जुन्या लॅटिन वृत्तान्तांस इतिहासात काही स्थान आहे काय, असा प्रश्न विचारी वाचकांच्या मनात वारंवार उद्भवतो. कोणी त्यातील अक्षर न् अक्षर खरे मानून चालतो. कोणी एक अद्भुत प्रसंग दिसताच सारे पुस्तकच मिटून ठेवतो. आमच्या मते हे दोन्ही वाचक सारखेच तोट्यात राहतात. याचा दाखला शोधण्यास युरोपात जाण्याचे कारण नाही. आपल्या ठाणे बंदराशी निगडित झालेले एक चरित्र त्यास पुरेसे आहे.

असे वृत्तान्त लिहिण्याची प्रथा फार प्राचीन. गॉल देशातील तूर नगरीचे बिशप संत ग्रेगरी (मृत्यू ५९४) यांनी चमत्कारांची अनेक पुस्तके रचिली. त्यातील रक्तसाक्ष्यांच्या पुस्तकात हिंदुस्थानात संत थोमाच्या कबरीपाशी अखंड तेवणाऱ्या दिव्याचा उल्लेख आहे, आणि ती हकीकत तेथे स्वतः जाऊन आलेल्या थिओडोर नामक मनुष्याने सांगितली, असेही ग्रेगरी नमूद करितात. दिव्याविषयी कोणी काहीही मानो. सहाव्या शतकात गॉल देशापर्यंत हिंदुस्थानातील ख्रिस्ती तीर्थाची वार्ता पोहोचली होती, एवढे त्या चार ओळींनी सिद्ध होते. या परंपरेत सात शतकांनंतर धन्य ओदोरिको यांनी भर घातली.

ओदोरिको यांचा जन्म उत्तर इटालीतील पोर्देनोने शहरानजीक झाला. संत फ्रान्सिसच्या संघात प्रवेश करून त्यांनी कठोर तपाचरण केले, आणि सुमारे १३१८ साली पूर्वेची वाट धरिली. कॉन्स्टँटिनोपल, ट्रेबिझोंद, तब्रीझ, बगदाद असा मार्ग आक्रमीत ते होर्मुझ बंदरी आले आणि तेथून गलबताने अठ्ठावीस दिवसांत ठाण्यास उतरले.

त्यांच्या आगमनापूर्वी थोडेच दिवस ठाण्यात मोठा अनर्थ झाला होता. त्यांच्याच संघाचे तोलेंतिनोचे थोमा, पादुआचे याकोब, सिएनाचे पेत्र आणि तिफ्लिसचे देमेत्रियुस हे चौघे तेथे नेस्तोरियन ख्रिस्ती मनुष्याच्या घरी उतरले असता काझीच्या न्यायासनापुढे धर्मविषयक वाद उपस्थित होऊन एप्रिल १३२१ मध्ये त्यांचा वध झाला. तिघे ९ तारखेस व पेत्र ११ तारखेस मरण पावले. त्यांचे सहप्रवासी दोमिनिकन धर्मगुरू जॉर्डेनस यांनी त्यांस सोपारा येथे मूठमाती दिली. पुढे ओदोरिको यांनी ती अस्थी उकरून घेतली आणि चीनमधील झैतून बंदरी आपल्या संघाच्या मठात नेऊन पोहोचविली.

या प्रवासाच्या वर्णनात चमत्कार पुष्कळ आहेत. अस्थी उशाशी घेऊन ओदोरिको निजले असता घरास आग लावण्यात आली. तीन कोपरे जळाले, परंतु ते निजले होते तो कोपरा वाचला. समुद्रात वारा पडला, तेव्हा मूर्तिपूजकांनी व मुसलमानांनी आपापल्या परीने प्रार्थना केल्या. शेवटी एक अस्थी गुप्तपणे पाण्यात सोडताच वारा सुटला.

येथे इतिहासाचा अभ्यासक काय करितो? तो चमत्काराविषयी वाद घालीत बसत नाही. चमत्कार सांगता सांगता लेखकाच्या तोंडून सहज काय निघून गेले, हे तो वेचतो. ठाणे तेव्हा दिल्लीच्या सुलतानाच्या अंमलाखाली होते आणि तेथे नेस्तोरियन ख्रिस्त्यांची पंधरा घरे होती. एकाच गलबतावर तीन धर्मांचे लोक प्रवास करीत, आणि इतरांस कळू नये म्हणून तांडेलाने धर्मगुरूंशी आर्मेनियन भाषेत बोलणे केले. वधस्थळाची माती पाण्यात कालवून हिंदू व मुसलमानही आजारात पीत असत. यांपैकी काहीही सिद्ध करण्याचा ओदोरिको यांचा हेतू नव्हता. म्हणूनच त्यांची ही साक्ष मोलाची.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ठाण्याच्या मुसलमान मलिकाने त्या धर्मगुरूंस वाचविण्याचा प्रथम यत्न केला, त्यांस खाडीपलीकडे एका मूर्तिपूजकाच्या घरी पाठविले, हेही या वृत्तान्तात आहे. पक्षपाती लेखकाने हे खचित गाळले असते. उलट सुलतानाने पुढे त्याच मलिकाचा वध करविला, या मजकुरापाशी अभ्यासक जपून पाऊल टाकितो. कारण संतांस पीडा देणाऱ्यास तत्काळ शासन होणे, हा ग्रेगरींच्या काळापासून अशा ग्रंथांचा ठरीव शेवट आहे.

शिवाय पाहिलेले आणि ऐकलेले यांत भेद करावा लागतो. रक्तसाक्ष्यांचा मृत्यू ओदोरिको यांनी ऐकला. अस्थींचा प्रवास स्वतः केला. ऐकीव भागास जॉर्डेनस यांच्या पत्रांचा ताळा मिळतो. ठाण्यात कुत्र्याएवढे उंदीर असतात, हे त्यांचे विधान इटालीत थट्टेचा विषय झाले असेल. नव्या जालन्याच्या मोंढ्यात धान्याच्या थप्पीखालून पळणारी घूस ज्याने पाहिली आहे, तो मात्र त्यांस खोटे म्हणणार नाही.

झैतूनहून ओदोरिको खानबालिक, म्हणजे आजचे बीजिंग, येथे गेले, तेथे तीन वर्षे राहिले आणि १३३० पर्यंत मायदेशी परतले. त्या वर्षीच्या मे महिन्यात पादुआ येथे त्यांनी आपला प्रवास विल्यम नामक धर्मबंधूस सांगून लिहविला. १४ जानेवारी १३३१ रोजी उदिने येथे ते ख्रिस्तवासी झाले. लोकांची रीघ लागली, रोगमुक्तीच्या वार्ता पसरल्या. तेव्हा तेथील धर्माध्यक्षांनी केवळ लोकवार्तेवर न विसंबता साक्षी घेऊन त्या लेखनिष्ठ करविल्या. १७५५ साली पोप चौदावे बेनेदिक्त यांनी त्यांच्या सन्मानास मान्यता दिली.

वाचकहो, ज्युबिलीच्या निमित्ताने प्रत्येक घरातील वडीलधारी मंडळी ईश्वरी कृपेच्या जुन्या गोष्टी सांगतील. त्या अवश्य लिहून ठेवाव्या. परंतु कोणी पाहिले, कोणी ऐकले, कोणत्या साली व कोणत्या घरी, हेही सोबत लिहावे. तो दुष्काळाचा काळ होता की प्लेगाचा, मदतीस धावलेला शेजारी कोणत्या धर्माचा होता, हेही गाळू नये. श्रद्धेस सत्याचे भय नाही. आणि पुढील पिढ्यांस आपल्या वाडवडिलांचे खरे जीवन कळावयाचे असेल, तर ते बहुधा अशा बारीकसारीक नोंदींतूनच कळेल.