सलूनवाला आणि सिलिंडर

घरातला गॅस सिलिंडर हलवला की आत द्रव डुचमळल्याचे जाणवते, शेगडीवर मात्र वायू जळतो. ही करामत प्रोपेन आणि ब्युटेन या वायूंची. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसलाच उकळतो. पण दाबाखाली ठेवला तर साध्या तापमानालाही द्रव राहतो आणि वायूला लागणाऱ्या जागेच्या सुमारे २७०व्या हिश्श्यात मावतो. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या तेलवाल्यांना तो बहुतांशी नकोसाच होता. त्याला गिऱ्हाईक मिळवून देणाऱ्यांत फ्रँक फिलिप्स हे मोठे नाव.

फिलिप्स यांचा जन्म १८७३ मध्ये नेब्रास्कात झाला. शिक्षण बेताचेच. आयोवातल्या क्रेस्टन गावी ते केस कापू लागले आणि लवकरच सलूनचे मालक झाले. टक्कल पडू नये म्हणून पावसाच्या पाण्याचे एक औषधही ते विकत. त्यांना स्वतःला टक्कल होते! या सदरात त्या औषधाची तरफदारी करता येणार नाही. पण माल खपवायची कला ते तिथेच शिकले असावेत. पुढे बँकमालकाची मुलगी पत्नी म्हणून लाभली, सासऱ्यांच्या ओळखीने रोखे विकण्याचा धंदा जमला. मग तेल. पहिल्या विहिरींनी निराशा केली, १९०५ मध्ये एकीने कारंजे उडवले. १९१७ मध्ये भावासह त्यांनी ओक्लाहोमातल्या बार्टल्सव्हिल येथे फिलिप्स पेट्रोलियम कंपनी स्थापली.

तेलाबरोबर येणाऱ्या वायूतून ही कंपनी हलके पेट्रोल काढी. त्यात प्रोपेन राहिला तर पेट्रोल उडून जाई. याच तक्रारीचा माग काढताना वॉल्टर स्नेलिंग या सरकारी रसायनशास्त्रज्ञाने १९१० च्या सुमारास हा वायू वेगळा केला होता. १९१३ मध्ये त्याला पेटंट मिळाले. ते फिलिप्स यांनी ५० हजार डॉलरना घेतल्याचे सांगतात.

पेटंट हाती आले म्हणून चूल पेटत नाही. समान आकारमानाच्या नैसर्गिक वायूच्या दुपटीहून अधिक उष्णता प्रोपेन देतो. म्हणजे शहरी शेगडीचे छिद्र त्याला चालत नाही. शेगडी निराळी, सिलिंडर मजबूत, दाब कमी करणारा रेग्युलेटर भरवशाचा हवा. हवेच्या दीडपट जड असल्याने गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो, आणि त्याला स्वतःचा वास नाही. म्हणून त्यात उग्र वासाचे गंधकयुक्त रसायन मिसळतात. हे सारे सोडवायला पगारी शास्त्रज्ञ लागतात. फिलिप्स यांनी ते नेमले, जॉर्ज ओबरफेल यांच्यासारख्या रसायनशास्त्रज्ञाच्या हाती संशोधन सोपवले. दुसरीकडे ‘फिलगॅस’ या नावाने जाहिराती सुरू केल्या. गॅसची नळी जिथे पोचणार नव्हती अशी गावे आणि शेतावरची घरे हे त्यांचे लक्ष्य होते. तिथल्या बायका लाकूड-कोळशाच्या धुरात रांधत होत्या.

यात परोपकार शोधू नये. वाया जाणाऱ्या मालाचे पैसे करायचे, एवढाच हिशेब होता. पण धूर कमी झाला, तो फुप्फुसांना हिशेब विचारत नाही. अमेरिकेत १९९६ मध्ये कायदाच झाला आणि प्रोपेनच्या दर गॅलनमागे पट्टी बसवून सुरक्षितता, संशोधन व प्रसारासाठी निधी उभारला जाऊ लागला. एका व्यापाऱ्याने स्वतःच्या खिशातून केलेले काम आता साऱ्या धंद्याच्या वर्गणीतून होते. आपल्याकडे सिलिंडर आला १९५० च्या दशकात, मुंबईत, बर्मा शेलमार्फत.

तोवर फिलिप्स राहिले नव्हते. १९५० मध्ये ते वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या कंपनीतले पॉल होगन आणि रॉबर्ट बँक्स प्रोपिलीनपासून पेट्रोलचे घटक करू पाहत होते. प्रोपिलीन वाहून नेण्यासाठी त्यांनी प्रोपेनच वापरला होता. नळीत पेट्रोलऐवजी पांढरा, घट्ट पदार्थ साचला. ते पॉलिप्रोपिलीन. आज सिलिंडरशेजारच्या फळीवर डाळ-तांदळाचे डबे असतात, त्यांतले कितीतरी याच प्लास्टिकचे.