पुराणिकाच्या घरची सरस्वती

शारदीय नवरात्राची सांगता जवळ आली की आपल्या घराघरांतून ग्रंथपूजनाची सिद्धता होते. पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती रेखाटली जाते, पोथ्यांना गंधाक्षता वाहिल्या जातात आणि लहान मुलांचे हात त्या पोथ्यांपुढे जोडले जातात. वाग्देवतेच्या या उत्सवात, जिला विद्वानांनी भरसभेत ‘सरस्वती’ ही पदवी अर्पण केली, त्या महाराष्ट्रकन्येचे स्मरण करणे उचित होय. तिने पुढे वेगळ्या धर्माचा ग्रंथ उराशी धरला, म्हणून आपण तिच्याकडे दीर्घकाळ पाठ फिरविली. त्या ग्रंथातून तिने दैनंदिन आचरणासाठी काय घेतले, हे मात्र शांत चित्ताने पाहिले पाहिजे. पंडिता रमाबाई हे त्या विदुषीचे नाव.

रमाबाईंचे पिताजी अनंतशास्त्री डोंगरे हे वेदशास्त्रसंपन्न चित्पावन ब्राह्मण. विद्यार्थिदशेत त्यांनी पेशव्यांच्या घरातील एका स्त्रीच्या मुखातून शुद्ध संस्कृत ऐकले होते. आपल्याही गृहिणीस गीर्वाणवाणी शिकवावी, हा ध्यास त्यांना तेथून लागला. पत्नी लक्ष्मीबाईंना त्यांनी संस्कृत शिकविण्यास आरंभ केला, तेव्हा आप्तेष्टांनी आणि ज्ञातिबांधवांनी गहजब केला. स्त्रीच्या संस्कृताध्ययनास शास्त्राचा आधार दाखवा, असे आव्हान मिळताच शास्त्रीबोवांनी ग्रंथ धुंडाळून आधार दाखविले. परंतु जनांचा रोष काही निवला नाही. अखेर ते सह्याद्रीच्या माथ्यावरील गंगामूळच्या अरण्यात जाऊन राहिले. तेथे १८५८ च्या एप्रिलमध्ये रमाबाईंचा जन्म झाला.

पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, देवळांच्या ओवऱ्यांत पुराण सांगत हिंडू लागले. कन्येस माउलीनेच पाठ दिला. भागवतासह पुराणांचे सहस्रावधी श्लोक तिला बालवयातच मुखोद्गत झाले. पुराणिकाचे जीवन आम्हां कीर्तनकारांना परके नाही. श्रोत्यांनी पोथीपुढे ठेवलेल्या तांदळावर आणि पैशावर निर्वाह करावयाचा, त्यातूनच दानधर्म करावयाचा आणि उद्याची चिंता देवावर सोपवावयाची, अशी ती रीत.

परंतु दक्षिणेत दारुण दुष्काळ पडला आणि पोथीपुढे ठेवावयास श्रोत्यांपाशीच काही उरले नाही. कष्टांची सवय नव्हती, आणि भिक्षेसाठी हात पसरण्यास मन धजत नव्हते. १८७४ मध्ये प्रथम पिता, मागोमाग माता आणि नंतर थोरली भगिनी उपासमारीने व व्याधीने कालवश झाली. उरलेली दोन भावंडे, श्रीनिवास आणि रमा, पायी भारतभ्रमण करीत राहिली. ती चाल सुमारे चार हजार मैलांची झाली. पोटात अन्न नसलेल्या माणसाचे मन कसे असते, हे रमाबाई पोथीतून शिकल्या नव्हत्या. त्यांच्या पुढील चरित्राची किल्ली येथेच आहे.

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी तरुण रमेची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. ज्या विद्येसाठी पित्याला अरण्यवास पत्करावा लागला, त्याच विद्येचा हा सन्मान होता. परंतु सुख फार काळ टिकले नाही. १८८० मध्ये बंधू निवर्तले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातिबंधन न मानता विवाह केला. १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीला पटकीने ओढून नेले. वयाच्या चोविसाव्या वर्षाआधीच कडेवर तान्हे मूल घेऊन त्या विधवा झाल्या.

त्या पुण्यास आल्या आणि न्यायमूर्ती रानडे आदी सुधारकांच्या साहाय्याने त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली. ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले. हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्रियांसाठी शिक्षिका आणि स्त्री वैद्य यांची निकड त्यांनी निर्भीडपणे मांडली. १८८३ मध्ये त्या विद्यार्जनासाठी इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या.

त्या भगिनींनी लंडनच्या फुलहॅम भागातील एक आश्रम त्यांना दाखविला. समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांची तेथे शुश्रूषा होत असे. अशा स्त्रियांना जवळ घेणारी माणसे रमाबाई प्रथमच पाहत होत्या. हे तुम्ही कोणत्या आधारावर करता, अशी पृच्छा त्यांनी केली. पुराणिकाच्या कन्येने आधार विचारावा हे साहजिकच होते! उत्तरादाखल एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना वाचून दाखविली.

ती कथा वाचकांस ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. यहुदी लोक शोमरोनी लोकांशी व्यवहार ठेवीत नसत. भर मध्यान्ही विहिरीवर एक शोमरोनी स्त्री एकटीच पाणी भरण्यास आली. तिचे पाच विवाह झाले होते आणि ज्याच्या घरी ती राहत होती तो तिचा पती नव्हता. प्रवासाने थकलेला येशू तेथे बसला होता. त्याने तिच्याजवळ पाणी मागितले. तिचे सारे पूर्वायुष्य जाणूनही त्याने तिला अव्हेरले नाही. उलट जी गूढ तत्त्वचर्चा पंडितांशी करावी, ती त्याने तिच्याशी केली. तृषार्त गर्दभाच्या मुखी गंगोदक घालणारे आमचे नाथमहाराज ज्यांच्या हृदयात आहेत, त्यांना या विहिरीवरील प्रसंगाचे मर्म समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

१८८३ च्या सप्टेंबरमध्ये रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात हलकल्लोळ झाला. तथापि नव्या गुरुजनांपुढेही या मानिनीने मान तुकविली नाही. शाकाहार सोडला नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नसावीत, असा वाद त्यांनी मठातील भगिनींशी घातला. उपासनेचा विषय बदलला, पण पित्याकडून आलेली स्वतंत्र बुद्धी तीच राहिली.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या, आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभास उपस्थित राहिल्या आणि हिंदू विधवांच्या दुःखाचे वर्णन करणारा इंग्रजी ग्रंथ त्यांनी १८८७ मध्ये प्रसिद्ध केला. तेथे जमलेल्या साहाय्यातून ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ उघडले. नाव पाहा, शारदेचेच! पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. प्रथम आलेल्या विधवा विद्यार्थिनींपैकी गोदूबाई पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्या सहधर्मचारिणी झाल्या.

परंतु त्याच वर्षी वादळ उठले. सदनात धर्माच्या बाबतीत कोणावर सक्ती होणार नाही, असे अभिवचन होते; मात्र रमाबाईंच्या प्रार्थनेच्या खोलीचे दार उघडे असे आणि मुली तेथे जाऊन बसत. काही मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे वळल्याचे दिसताच ‘केसरी’ने कठोर टीका केली. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागारपदावरून दूर झाले. अनेक पालकांनी मुली परत नेल्या. विश्वासाने मुली धाडणाऱ्या घरांचे दुःख खोटे म्हणता येणार नाही. मात्र त्याच न्यायाने दुसराही प्रश्न स्वतःस विचारावा लागतो. केशवपन करून माजघराच्या अंधारात बसविलेल्या त्या बालविधवांसाठी तोवर आपल्यापैकी किती जणांनी दार उघडले होते? हा प्रश्न ज्यांच्या अंतःकरणास झोंबला, त्यांपैकी अण्णासाहेब कर्वे यांनी १८९६ मध्ये हिंदू विधवांसाठी आश्रम काढला. टीकेला कृतीची जोड देणारे असे थोडेच.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंना आपले पूर्वायुष्य आठवले आणि त्या स्वतः तिकडे गेल्या. रस्त्याकडेला पडलेल्या, अस्थिपंजर झालेल्या मुलींना त्यांनी उचलून आणले. पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवण्यास मनाई होती, म्हणून पुण्याजवळच्या केडगावी माळरानावर झोपड्या बांधल्या. तेच ‘मुक्ती’ सदन. पाठोपाठ गुजरातच्या दुष्काळातील निराधार मुली आल्या आणि १९०० च्या सुमारास तेथील संख्या दीड हजारांवर गेली. एवढ्या जणींचे जेवण, न्हाणे, औषधपाणी म्हणजे काय, याचा विचार गृहिणींनीच करावा. मुलींना वाचन-लेखनाबरोबर विणकाम, शेती, दूधदुभते, तेलघाणा आणि छापखाना ही कामे शिकविली. आपल्या मातापित्यांस विद्या होती पण हाताला काम नव्हते, ही जुनी सल त्यामागे असावी. अंध मुलींना बोटांनी वाचता येणारी ब्रेल लिपी शिकविण्याचा भार कन्या मनोरमेने उचलला. आणि ‘कृपा सदन’ या नावाने, जगाने वाकड्या वाटेची म्हणून झिडकारलेल्या स्त्रियांसाठीही घर उघडले. फुलहॅमला ऐकलेली विहिरीवरची कथा अशी केडगावच्या मातीत रुजली. ग्रंथातील एका अध्यायाचे एवढे प्रदीर्घ निरूपण क्वचितच झाले असेल.

आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी आणखी एक व्रत घेतले. बायबलचा प्रचलित मराठी अनुवाद अशिक्षित स्त्रियांस कठीण जातो, हे पाहून त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि मूळावरून सोप्या मराठीत संपूर्ण भाषांतर आरंभिले. ज्यांच्या वाणीवर संस्कृत नाचत असे, त्यांनी खेड्यातल्या बाईला कळतील असे शब्द निवडून घ्यावेत, ही तपश्चर्या सामान्य नव्हे. गीर्वाण भाषेत ज्याची हयात गेली, त्यालाच तो त्याग कळेल. अक्षरजुळणी आणि छपाई मुक्ती सदनातील मुलींनीच केली. १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमा आईआधी गेली. तो आघात सोसूनही हाती घेतलेले काम त्यांनी तडीस नेले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. ते भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. केडगावचे कार्य आजही चालू आहे. भारत सरकारने १९८९ मध्ये त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले.

कीर्तनात पूर्वरंगी तत्त्व मांडावयाचे आणि उत्तररंगी आख्यान सांगावयाचे, हा नारदीय संप्रदाय. भूतदयेचा पूर्वरंग आपल्या ग्रंथांतून ओसंडून वाहतो आहे. तो उसना आणण्याचे आपणांस कारण नाही. रमाबाईंच्या चरित्रापुढे मात्र आपल्या उत्तररंगाचा हिशेब मनाशी मांडावा लागतो. दसऱ्याच्या पूजेत पोथीवर अक्षता वाहून झाल्यावर, दाराशी उभ्या असलेल्या निराधार बाईला पाटावर बसवून घासभर अन्न द्यावे आणि तिचे नाव विचारावे. शारदेला तो नैवेद्य निश्चित पोहोचेल.