कवळाण्याचा मुलगा आणि बडोद्याचे ग्रंथपाल



गेल्या वर्षी निकाल लागल्यावर एका मुलीचे वडील मला भेटावयास आले. मुलगी माझ्या हाताखाली शिकून गेलेली, आता बी.ए. झालेली. वडिलांचे घाटकोपरला शिलाईचे लहानसे दुकान आहे. मुलीच्या मनात ग्रंथालयशास्त्राची पदवी घ्यावयाची होती. वडिलांचे म्हणणे असे की, इंजिनिअरिंग असते तर कर्ज काढले असते, बी.एड. असते तरी समजले असते. पण कपाटात पुस्तके लावावयास आणखी एक वर्ष शिकावे आणि वर फीही भरावी, हे त्यांच्या गणितात बसत नव्हते. त्या दिवशी मला नीट उत्तर सुचले नाही. नंतर विचार करता एका माणसाचे चरित्र आठवले. ते आपणांपुढे ठेवीत आहे, कारण हा प्रश्न त्या एकट्या वडिलांचा नाही.

हा माणूस म्हणजे बडोद्याचे महाराज तिसरे सयाजीराव गायकवाड. राजेरजवाड्यांची स्तुती करण्याची मला हौस नाही. त्यांच्या गादीवर आधी बसलेल्यांनी सोन्याचांदीच्या तोफा ओतविल्या आणि मोत्यांचा गालिचा विणविला. तो पैसा रयतेचाच होता. सयाजीरावांनी खर्च केला तोही रयतेचाच. पण त्यांनी तो कशावर केला, ते पाहण्यासारखे आहे.

त्यांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यात, मालेगावच्या बाजूस असलेल्या कवळाणे या खेड्यात झाला. नाव गोपाळ. वडील काशीराव गायकवाड हे राजघराण्याच्या दूरच्या शाखेतले, पण राहणी साध्या शेतकऱ्याची. बडोद्याचे मल्हारराव महाराज १८७५ साली पदच्युत झाले, तेव्हा खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली आणि कवळाण्याहून मुले पाहण्यास आणली गेली. त्यांतून गोपाळची निवड झाली व त्याच वर्षी तो गादीवर बसला. विद्यार्थी मित्रांनो, आता पुढचे वाक्य लक्षपूर्वक वाचा. त्या वेळी त्याचे वय बारा वर्षांचे होते आणि त्याला लिहिता-वाचता येत नव्हते.

बाराव्या वर्षी मुळाक्षरे गिरविण्यास बसणे किती लाजिरवाणे वाटत असेल, हे उशिरा शाळेत आलेल्या मुलांना मी पाहिले आहे म्हणून मला कळते. इलियट नावाचे इंग्रज शिक्षक नेमले गेले. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषांचा अभ्यास सुरू झाला. दिवाण सर टी. माधवराव राज्यकारभाराचे पाठ देत. सहा वर्षे ही मेहनत चालली आणि २८ डिसेंबर १८८१ रोजी अठरा वर्षांच्या सयाजीरावांच्या हाती राज्याची सूत्रे आली. पुढे आयुष्यभर हा मनुष्य पुस्तकांना चिकटून राहिला. ज्याला भाकरी उशिरा मिळते त्याला तिची किंमत अधिक कळते.

१८९३ साली त्यांनी अमरेली तालुक्यातील काही गावांत सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला, आणि १९०६ साली तो कायदा सबंध राज्याला लागू करण्याचे ठरले. मुलींनाही. मुले न पाठविणाऱ्या पालकांस दंड होता. त्या काळी ब्रिटिश मुलखात असे काही नव्हते. पण लवकरच एक अडचण ध्यानात आली. मूल चार इयत्ता शिके, शाळा सोडी, शेतावर जाई आणि काही वर्षांत शिकलेले विसरून जाई. कारण गावात वाचावयास कागदाचा चिटोराही नसे. शाळेवर केलेला खर्च पाण्यात जात होता. तो वाचवावयाचा तर गावोगावी पुस्तके हवीत.

दुसरा एखादा राजा असता तर त्याने दहा हजार पुस्तके विकत घेऊन एक सुंदर इमारत उठविली असती, तिच्यावर आपले नाव कोरले असते आणि उद्घाटन करून तो मोकळा झाला असता. सयाजीरावांनी १९०६ साली अमेरिकेचा प्रवास केला, तेव्हा तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली. इमारती भव्य होत्याच. परंतु वाचक आत आला की त्याला हवे ते पुस्तक दोन मिनिटांत काढून देणारा, काय वाचावे ते सुचविणारा, मुलांना गोष्टी सांगणारा शिकलेला माणूस तेथे होता. ही विद्या आहे, ती शिकवावी लागते, ही गोष्ट त्यांनी ओळखली. माझ्या मते त्यांच्या साऱ्या कर्तृत्वात ही ओळख सर्वांत मोलाची.

मग १९१० साली त्यांनी विल्यम अॅलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास बोलाविले. बॉर्डन न्यू हेवन या गावच्या ग्रंथालयात काम करीत होते. मेल्विल ड्यूई यांनी १८८७ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात जगातील पहिली ग्रंथपालांची शाळा काढली, तीत शिकविण्याचाही त्यांना अनुभव होता. ग्रंथालयांच्या कपाटांवर आजही जे दशांश आकडे दिसतात, ते याच ड्यूईंच्या पद्धतीचे. बडोद्यात स्वतंत्र ग्रंथालय खाते निघाले. मध्यवर्ती ग्रंथालयासाठी महाराजांनी राजवाड्यातील आपला सुमारे वीस हजार पुस्तकांचा खासगी संग्रह देऊन टाकला. आणि १९११ साली बॉर्डन यांनी ग्रंथपालांचा वर्ग सुरू केला. हिंदुस्थानातील असा हा पहिला वर्ग. लाहोरला डिकिन्सन यांचा वर्ग निघाला तो चार वर्षांनी, १९१५ साली.

या वर्गात काय शिकवीत, असे आपण विचाराल. पुस्तकांचे विषयवार वर्गीकरण, तालिका तयार करणे, देवघेवीची नोंद, वाचकाशी बोलणे. बॉर्डन यांनी बडोद्यासाठी वर्गीकरणाची वेगळी पद्धतही बसविली. मोतीभाई अमीन हे गावोगावी वाचनालये काढीत हिंडणारे शिक्षक; तेही या खात्यात आले आणि खेड्यांतील ग्रंथालयांचा व्याप त्यांनी सांभाळला. १९१२ पासून खात्यातर्फे एक त्रैमासिकही निघू लागले. त्यात इंग्रजी, गुजराती आणि मराठी असे तीन भाग असत. आपल्या मराठीत ग्रंथालयाच्या विषयावर इतक्या लवकर लिहिले गेले, ते गुजरातेत बसून, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे?

खेड्यांसाठी पैशाची व्यवस्था मोठी शहाणपणाची होती. गावकऱ्यांनी ठरावीक रक्कम जमविली तर तेवढीच पंचायतीकडून आणि तेवढीच सरकारकडून मिळे. फुकट काही नाही, पण एकट्याच्या डोक्यावर ओझेही नाही. जेथे ग्रंथालय नव्हते तेथे लाकडी पेट्यांतून पंधरा ते तीस पुस्तके पाठवीत. ती वाचून झाली की पेटी परत जाई व दुसरी येई. वाहतुकीचा खर्च सरकारचा. या पेट्यांत कोणत्या गावी काय घालावे, हे ठरविण्यास शिकलेला माणूसच हवा होता. शेतकऱ्याच्या गावी तर्कशास्त्राचे इंग्रजी ग्रंथ गेले असते तर पेटी उघडलीही गेली नसती.

बॉर्डन १९१३ साली मायदेशी परतले. पुढे जनार्दन सखाराम कुडाळकर आणि त्यांच्यानंतर न्यूटन मोहन दत्त यांनी खाते चालविले. बाहेरचा गुरू तीन वर्षे आणावयाचा आणि मग आपल्या माणसांनी काम पेलावयाचे, असा हा हिशेब होता आणि तो बरोबर ठरला.

त्याच १९१३ सालात बडोद्याच्या पैशाने एक विद्यार्थी उलट दिशेने, कोलंबियालाच गेला. त्याची हकीगत सांगितल्यावाचून हे चरित्र पुरे होणार नाही, जरी तो अर्थशास्त्र शिकावयास गेला होता. चर्नी रोडच्या बागेत एक मुलगा रोज वाचीत बसलेला कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाला दिसला. त्यांनी चौकशी केली, पुस्तके दिली. मुलगा मॅट्रिक झाल्यावर पुढील शिक्षणासाठी त्यांनी सयाजीरावांकडे शब्द टाकला. महाराजांनी मुलाची भेट घेतली आणि दरमहा पंचवीस रुपये मंजूर केले. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. बी.ए. झाल्यावर त्यांना परदेशी शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांकरिता, मिळाले. बदल्यात करार लिहून द्यावा लागला, शिक्षणानंतर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करण्याचा. शिक्षक म्हणून मला या साऱ्या गोष्टीत केळुसकरच अधिक जवळचे वाटतात, हे कबूल करतो.

मुदत संपली, अभ्यास अर्धा टाकून आंबेडकर १९१७ साली परतले. त्यांनी जमविलेली पुस्तके दुसऱ्या जहाजाने निघाली होती, ते जहाज महायुद्धात पाणतीराने बुडाले. करार पाळण्यासाठी ते बडोद्यास हजर झाले. महाराजांचे लष्करी सचिव म्हणून नेमणूक झाली. पण शहरात राहावयास जागा मिळेना. जातीमुळे कोणी घर देईना. एका पारशी विश्रामगृहात नाव बदलून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना निघावे लागले. हिंदू स्नेही आणि ख्रिस्ती स्नेही, दोघांनीही आपापल्या अडचणी सांगितल्या. मुंबईची गाडी सुटेपर्यंत ते बडोद्याच्या कामाठी बागेत बसून राहिले.

हे मी लपवीत नाही. महाराजांनी शिष्यवृत्ती दिली, नोकरी दिली. पण त्यांच्याच राजधानीत त्यांच्या विद्यार्थ्याला डोक्यावर छप्पर मिळाले नाही. केवळ फी भरून काम संपत नाही. शिकून आलेल्याला उभे राहावयास जागा लागते. शिष्यवृत्त्या देणाऱ्या मंडळींनी, आपणही त्यांत आलोच, हा भाग वाचताना जरा थांबावे. पुढे आंबेडकरांनी दादरला राजगृह बांधले, ते बव्हंशी पुस्तके ठेवण्यासाठी. आपण लोकलने रोज त्या बाजूने जातो.

सयाजीराव ६ फेब्रुवारी १९३९ रोजी आपल्या मुंबईतच वारले. बनारस हिंदू विद्यापीठाच्या ग्रंथालयास त्यांनी मोठी देणगी दिली होती, ते आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्याच विद्यापीठात १९४५ साली डॉ. रंगनाथन ग्रंथपाल म्हणून गेले. गणिताचे हे प्राध्यापक. मद्रास विद्यापीठाने १९२४ साली खर्च करून त्यांना लंडनला ग्रंथालयशास्त्र शिकावयास धाडले होते. ते कर्ज त्यांनी कसे फेडले पाहा. १९५६ साली आपल्या आयुष्याची शिल्लक, एक लाख रुपये, त्यांनी ग्रंथालयशास्त्राच्या अध्यासनासाठी मद्रास विद्यापीठास दिली आणि त्यास पत्नीचे नाव जोडले. तर लाहोरच्या परंपरेत तयार झालेले खलिफा मुहम्मद असदुल्ला कलकत्त्याच्या इम्पीरियल लायब्ररीचे प्रमुख झाले आणि १९३५ साली त्यांनी तेथे ग्रंथपालांचा पदविका वर्ग चालू केला. बडोद्याच्या त्या पहिल्या वर्गानंतर चोवीस वर्षांनी.

आज मुंबईत हे शिक्षण विद्यापीठातून मिळते. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर एक वर्षाची पहिली पदवी आणि पुढे पदव्युत्तर. शाळा-कॉलेजांखेरीज न्यायालये, इस्पितळे, वृत्तपत्रे, बँका, संशोधन संस्था यांना अशी माणसे लागतात, कारण माहिती आता कपाटात कमी आणि संगणकात जास्त साठते, आणि ती शोधून देणे हे सोपे काम नव्हे.

हे सारे मी त्या शिलाई करणाऱ्या गृहस्थांना त्यांच्या दुकानात बसून सांगितले. मशीन थांबवून त्यांनी ऐकले. रंगनाथनांचे एक लाख रुपये त्यांना विशेष आवडले. मग त्यांनी विचारले की, आता महाराज नाहीत तर फी कोण भरणार? मी त्यांना बडोद्याच्या तीन हिश्श्यांची रीत पुन्हा सांगितली आणि शिष्यवृत्तीचा छापील अर्ज दिला. एक हिस्सा त्यांनी भरण्याचे कबूल केले. एक हिस्सा मुलगी शिकवण्या करून जमविणार होती. अर्जात अभ्यासक्रमाचे नाव लिहिण्याची जागा आहे. अर्ज तपासणाऱ्या मंडळींत मीही असतो. मेडिकल, इंजिनिअरिंग, फार्मसी, डी.एड. हे मी तेथे अनेकदा वाचले होते. ग्रंथालयशास्त्र असे लिहिलेला अर्ज माझ्या हाती प्रथमच आला, आणि तो मंजूर झाला.