रखमाबाई : दावा, तडजोड आणि पुढील आयुष्य

रखमाबाईंचे नाव आपण बहुधा दोन संदर्भांत ऐकलेले असते. भारतात प्रत्यक्ष वैद्यकीय सेवा करणाऱ्या पहिल्या काही स्त्री-डॉक्टरांपैकी त्या एक होत्या, हा एक संदर्भ. पतीकडे नांदायला जाण्यापेक्षा त्यांनी तुरुंगवास पत्करण्याची तयारी दाखविली, हा दुसरा. या दोन गोष्टींच्या मधोमध जुलै १८८८ मध्ये एक तडजोड झाली. त्यांच्या आयुष्याचा खरा निवाडा त्या तडजोडीत झाला. म्हणून प्रस्तुत पाठात तिच्यापाशी थोडे अधिक थांबायचे आहे.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग त्या लहान असतानाच वारले. आई जयंतीबाई यांनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन राऊत यांच्याशी पुनर्विवाह केला. सुतार ज्ञातीत विधवेच्या पुनर्विवाहाला मज्जाव नव्हता. मात्र त्या विवाहापूर्वी जयंतीबाईंनी पहिल्या पतीची मालमत्ता मुलीच्या नावे करून दिली. ही नोंद ध्यानात ठेवावी. पुढे प्रतिपक्षाने सारा वाद याच मालमत्तेभोवती फिरविला.

वयाच्या ११ व्या वर्षी रखमाबाईंचा विवाह सखाराम अर्जुन यांच्या नात्यातील दादाजी भिकाजी यांच्याशी झाला. जावयाने सासरीच राहून शिक्षण घ्यावे, असे ठरले होते. दादाजींचे शिक्षणात मन रमले नाही. ते आपल्या मामांकडे राहू लागले, प्रकृतीही बिघडली. इकडे रखमाबाई डॉक्टरांच्या घरात वाचू-लिहू लागल्या होत्या. दोघांचा संसार प्रत्यक्षात कधी सुरूच झाला नाही. मार्च १८८४ मध्ये दादाजींनी वकिलांमार्फत पत्नीला पाठवावे अशी मागणी केली आणि ती फेटाळली गेल्यावर मुंबई उच्च न्यायालयात वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा लावला.

येथे कायद्याची बाजू समजून घेतली पाहिजे. त्या काळी हिंदू विवाहात घटस्फोटाची कायदेशीर तरतूद नव्हती. काही ज्ञातींच्या रूढीत काडीमोड होता, तेवढाच. वेगळे होऊ इच्छिणाऱ्या स्त्रीला न्यायालयात जाण्यासाठी दार नव्हते. पतीला मात्र इंग्रजी कायद्यातून आलेल्या पुनःस्थापनेच्या दाव्याचे दार उघडे होते, आणि हुकूम न पाळणाऱ्या पत्नीला तुरुंगात टाकण्याची सोयही होती. रखमाबाईंना विभक्त होण्याचा दावा लावताच आला नाही. त्यांना लढावे लागले ते केवळ प्रतिवादी म्हणून.

दावा उभा राहण्यापूर्वीच, एप्रिल १८८५ मध्ये, सखाराम अर्जुन निवर्तले. घरातील कर्ता आधार गेला. त्याच वर्षी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या टोपणनावाने बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांवर दोन पत्रे प्रसिद्ध झाली. ती रखमाबाईंची होती. २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्या. पिन्ही यांनी दादाजींचा दावा फेटाळला. जे सहजीवन मुळात सुरूच झाले नाही, त्याची पुनःस्थापना कशी करणार, असा त्यांच्या विचाराचा रोख होता. १८८६ मध्ये सरन्यायाधीश सार्जंट व न्या. बेली यांनी अपिलात हा निर्णय फिरविला आणि दावा पुन्हा सुनावणीस पाठविला. ४ मार्च १८८७ रोजी न्या. फॅरन यांनी निकाल दिला : पतीकडे जावे, अन्यथा सहा महिन्यांचा तुरुंगवास. रखमाबाईंनी तुरुंगवासाची तयारी दर्शविली.

समाज दुभंगला. टिळकांच्या ‘केसरी’ने कडाडून विरोध केला, बेहरामजी मलबारी, पंडिता रमाबाई आदी मंडळी बाजूने उभी राहिली. रखमाबाईंच्या आईने मालमत्तेच्या लोभाने मुलीला अडवून ठेवले, असा आरोप दादाजींनी छापून प्रसिद्ध केला. रखमाबाईंनी त्याला छापील उत्तर दिले. घरातल्या गोष्टी बाजारात मांडल्या जात असताना गप्प राहणे हीच मर्यादा, असे त्यांना शिकविले गेले असणार. त्यांनी ते मानले नाही.

आता तडजोडीकडे येऊ. जुलै १८८८ मध्ये, दाव्याच्या खर्चापोटी २,००० रुपये स्वीकारून दादाजींनी हुकमाची अंमलबजावणी सोडून दिली. तुरुंगवास टळला. राणी व्हिक्टोरियाने हा विवाह रद्द केला, अशी कथा अजूनही छापली जाते. ती खरी नाही. कागदोपत्री रखमाबाई विवाहितच राहिल्या. दादाजींनी दुसरा विवाह केला. तसे करण्यास पुरुषाला कायद्याची आडकाठी नव्हती. रखमाबाईंनी पुन्हा विवाह केला नाही.

पैसे देऊन सुटका करून घेतली, असे कोणी म्हणू शकेल. माझ्या मते ही टीका सोपी आहे. तुरुंगात गेल्या असत्या तर चळवळीला एक प्रतीक मिळाले असते; सुटून आल्यावर मात्र तोच विवाह आणि तोच वाद उरला असता. एक रक्कम ठरली, मागणी संपली आणि वयाच्या २३ व्या वर्षी पुढचा रस्ता मोकळा झाला. डॉ. एडिथ पीची प्रभृतींच्या साहाय्याने १८८९ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकल्या आणि परत येऊन सुरत व नंतर राजकोट येथे दीर्घकाळ स्त्रियांच्या रुग्णालयांची धुरा वाहिली.

एक गोष्ट वाचकाला कोड्यात टाकते. दादाजींच्या निधनानंतर रखमाबाईंनी विधवेची पांढरी वस्त्रे परिधान केली. चरित्रकारांनी याचे निरनिराळे अर्थ लावले आहेत. ज्या नात्यात नांदण्यास त्यांनी ठाम नकार दिला, त्या नात्याचे अस्तित्व त्यांनी नाकारले नव्हते, एवढे तरी यातून दिसते.

मुंबई प्रांतात १९४७ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला. मे १९५५ मध्ये हिंदू विवाह अधिनियम अमलात येऊन न्यायिक विभक्तता आणि घटस्फोट या दोन्ही तरतुदी देशभर लागू झाल्या. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला, वयाच्या ९० व्या वर्षी, रखमाबाईंचे निधन झाले. त्या अधिनियमाच्या कलम ९ मध्ये वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावाही, आता पती-पत्नी दोघांसाठी, ठेवलेला होता.