ताराबाई मोडक : प्राचार्यपदाकडून अंगणाकडे

शिक्षक व्हावयाचे तर ट्रेनिंग कॉलेजात जावे, पाठ घ्यावेत, परीक्षा द्यावी, ही वाट आपल्या परिचयाची आहे. ताराबाई मोडक अशाच एका कॉलेजातून बाहेर पडल्या, त्याही प्राचार्यपद सोडून! १८९२ साली मुंबईत प्रार्थना समाजाच्या वातावरणातील केळकर कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९१४ मध्ये त्या बी. ए. झाल्या. पुढे राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्राचार्या होत्या. ते मानाचे स्थान टाकून त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेकांकडे गेल्या. गिजुभाई मूळचे वकील. अध्यापनाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती, पण १९२० पासून चाललेले बालमंदिर होते. तेथे भावी शिक्षकाने पाठ देण्याआधी मुलाकडे पाहावयास शिकावे, अशी अपेक्षा असे. आम्ही महाविद्यालयीन अध्यापक येथे थोडे अडखळतो. आम्हांस मुळी कोणी शिकवावयास शिकविलेच नाही.

१९२६ साली नूतन बालशिक्षण संघ, १९३६ साली दादरचे शिशुविहार आणि १९४५ मध्ये बोर्डी. तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा ताराबाईंनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. मॉण्टेसरींच्या महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पाने आली. १९५७ नंतर कोसबाडला गुराख्यांच्या मुलांसाठी कुरणशाळा भरू लागली. १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या निवर्तल्या. कोसबाडचे काम अनुताईंनी पुढे चालविले.