गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन
गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन (८ ऑक्टोबर १९२२ – ७ एप्रिल २००१) हे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ व जैवभौतिकशास्त्रज्ञ होते. कोलॅजेन या प्रथिनाची तिपेडी रचना, रामचंद्रन आलेख आणि क्ष-किरण चित्रांवरून त्रिमितीय प्रतिमा घडवण्याची गणिती पद्धत यांसाठी ते ओळखले जातात.

जीवन

रामचंद्रन यांचा जन्म एर्नाकुलम येथे झाला. त्यांचे वडील गणिताचे प्राध्यापक होते. तिरुचिरापल्ली येथील सेंट जोसेफ महाविद्यालयातून पदवी घेऊन ते १९४२ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विद्युत अभियांत्रिकीसाठी दाखल झाले. परंतु चंद्रशेखर वेंकट रमण यांच्या मार्गदर्शनाखाली भौतिकशास्त्राकडे वळले. १९४७ ते १९४९ या काळात केंब्रिज येथे संशोधन करून त्यांनी पीएच.डी. मिळवली. १९५२ मध्ये ते मद्रास विद्यापीठात भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख झाले.

प्रथिनांवरील संशोधन

१९५४ मध्ये गोपीनाथ कर्था यांच्यासह त्यांनी कोलॅजेनची तिपेडी रचना मांडली. १९६३ मध्ये सी. रामकृष्णन व व्ही. शशिशेखरन यांच्यासह त्यांनी प्रथिनसाखळीला कोणत्या कोनांत वळता येते हे दाखवणारा आलेख प्रसिद्ध केला. प्रथिनांची रचना तपासताना तो आजही वापरला जातो.

त्रिमितीय प्रतिमा

साध्या क्ष-किरण चित्रात शरीरातील पुढचे-मागचे सर्व भाग एकमेकांवर पडतात. सीटी स्कॅनमध्ये अनेक कोनांतून मोजमापे घेऊन एकेका छेदाची प्रतिमा घडवली जाते. असे छेद एकावर एक रचले की अवयवाचे त्रिमितीय रूप मिळते. मात्र मोजमापे नुसती उलट दिशेने पसरवली तर प्रतिमा धूसर येते, आणि त्या काळी सुचवलेल्या फूरिये रूपांतराच्या मार्गाने आकडेमोड फार वाढत असे. १९७१ मध्ये रामचंद्रन व ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी प्रत्येक मोजमाप आधी ठरावीक गणिती फलनाने संस्कारित करून मग पसरवण्याची पद्धत मांडली. त्यामुळे धूसरपणा दूर झाला व गणन सोपे झाले. रेडिओ खगोलशास्त्रात ब्रेसवेल व रिडल यांनी १९६७ मध्ये अशीच पद्धत वापरली होती.

त्याच वर्षी लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाचे स्कॅन झाले. त्या यंत्राची गणनपद्धती वेगळी होती. पुढील यंत्रांत मात्र संस्कारित मोजमापांची पद्धत रूढ झाली. तिच्यातील मूळ फलन दोघांच्या नावांवरून राम-लॅक फिल्टर म्हणून ओळखले जाते. सीटी स्कॅनसाठीचे १९७९ चे नोबेल पारितोषिक हाउन्सफील्ड व ॲलन कॉर्मॅक यांना मिळाले.

उत्तरायुष्य व सन्मान

१९७१ मध्ये रामचंद्रन यांनी भारतीय विज्ञान संस्थेत रेण्वीय जैवभौतिकी विभाग सुरू केला. त्यांना १९६१ मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार, १९७७ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व व १९९९ मध्ये एवाल्ड पारितोषिक मिळाले. अखेरच्या काळात ते पार्किन्सन आजाराने ग्रस्त होते. त्यांचे निधन चेन्नई येथे झाले.